सह्याद्रीची प्रकृती आणि दोन अहवाल

मराठीत ‘प्रकृती’ या एकाच शब्दाने अनेक अर्थ सांभाळले आहेत. डोंगर, अरण्य, नदी, पाऊस ही जी सृष्टी, तिला प्रकृती म्हणतात. आणि दाराशी आलेल्या आप्ताला प्रथम विचारले जाते तेही ‘प्रकृती कशी आहे?’ असेच. वैद्यकाने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. प्रत्येक देहाची धातुदोषांची म्हणून जी जन्मजात घडण असते, ती त्याची प्रकृती. एकाची वाताची, दुसऱ्याची पित्ताची. म्हणून एकाचे स्वास्थ्य ज्या मापाने मोजावयाचे त्याच मापाने दुसऱ्याचे मोजता येत नाही, हे वैद्यकाचे पहिले सूत्र ठरले. अलीकडे एखाद्या प्रदेशाच्या, तेथील जीवसृष्टीच्या ‘आरोग्याचे’ मूल्यमापन करण्याची जी शास्त्रीय पद्धत रूढ होत आहे, तिची परीक्षा करताना या तिसऱ्या अर्थाचे स्मरण ठेवणे उपयुक्त ठरते.

पश्चिम घाटासंबंधी केंद्र शासनापुढे सादर झालेले दोन अहवाल हे अशा मूल्यमापनाचे आपल्या देशातील सर्वांत मोठे प्रयत्न होत. पहिला माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसरतज्ज्ञ समितीचा (२०११), दुसरा के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय कार्यगटाचा (२०१३). दोहोंवर वृत्तपत्रांतून, विधिमंडळांतून, सभांतून विपुल वाद झाला. परंतु तो बहुतांशी शिफारशींवर झाला. अमुक गाव यादीत आले की नाही, खाण बंद होणार की चालू राहणार, एवढ्यापुरताच तो राहिला. अहवाल हा एक ग्रंथ आहे, त्याला स्वतःची भाषा, स्वतःची रचना आणि स्वतःचे अंतर्विरोध असतात, या दृष्टीने त्याचे वाचन करण्याची रीत मराठीत फारशी रुजलेली नाही. वस्तुतः या दोन अहवालांतील खरा भेद शिफारशींत नसून मापनात आहे. आणि मापनाचा प्रश्न हाच शेवटी सहकार्याचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९८७ च्या नोव्हेंबरात उत्तरेस नवापूरहून व दक्षिणेस कन्याकुमारीहून ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा निघाल्या आणि पुढील वर्षाच्या आरंभी गोव्यात एकत्र आल्या. संपूर्ण घाटमाथा हा एकच प्रदेश आहे ही जाणीव लोकव्यवहारात प्रथम उतरली ती तेथे. शासकीय पातळीवर तिला रूप येण्यास मार्च २०१० उजाडला. गाडगीळ समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. तो मंत्रालयाने प्रसिद्ध केला नाही. केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाल्यानंतर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. त्याच वर्षी ऑगस्टात दुसरा कार्यगट नेमला गेला व त्याने १५ एप्रिल २०१३ रोजी आपले म्हणणे मांडले. लोकसहभागाचा आग्रह धरणारा अहवाल लोकांपासून नऊ-दहा महिने दडवून ठेवावा, यातील विसंगतीवर अधिक भाष्याची आवश्यकता नाही.

गाडगीळ समितीची पद्धत अशी. तापीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर प्रदेशाचे पाच मिनिटे अक्षांश व पाच मिनिटे रेखांश या मापाचे, म्हणजे अदमासे नऊ किलोमीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला सात गोष्टींबद्दल गुण दिले : स्थानविशिष्ट वनस्पती, दुर्मीळ व संकटग्रस्त प्राणिजाती, सदाहरित वनाचे प्रमाण, तुलनेने अविक्षत राहिलेले वन, नदीकाठची वने, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि चढ. या गुणांची सरासरी ही त्या चौकोनाची किंमत. तीनुसार तीन विभाग ठरले. आधीच संरक्षित असलेल्या अभयारण्यांतील सर्वांत कमी गुणांच्या चौकोनाइतकी किंवा त्याहून अधिक ज्याची किंमत, त्यालाच पहिल्या, म्हणजे सर्वांत संवेदनशील विभागात स्थान मिळावे, हा दंडक घातला गेला. संरक्षित प्रदेश व पहिला विभाग मिळून सुमारे साठ टक्के, आणि दुसरा विभाग धरून सुमारे पंचाहत्तर टक्के, ही मर्यादाही समितीने आखून घेतली.

या पद्धतीतील एक निर्णय विशेष विचारपूर्वक घेतलेला दिसतो. गुणांची तुलना संपूर्ण घाटाच्या पातळीवर न करता प्रत्येक राज्याच्या अंतर्गत केली गेली. केरळातील सदाहरित अरण्याशी नाशिक-नगरच्या कोरड्या सह्याद्रीची तुलना केली असती तर उत्तरेकडील डोंगर सर्वत्र नापास झाले असते. दक्षिणेकडे पाऊस आठ-आठ महिने रेंगाळतो. उत्तरेकडे तो चार महिन्यांत आटोपतो आणि उरलेले आठ महिने कातळ तापत राहतो. कोरड्या डोंगराचे कोरडेपण हा रोग नव्हे, ती त्याची प्रकृती आहे. समितीने हे ओळखले. तिच्या गणिताच्या प्रकरणातील हे सर्वांत शहाणे पाऊल होय.

मात्र ते पाऊल राज्याच्या सीमेशी येऊन थांबले. राज्याच्या आत पुन्हा एकच माप लागू झाले, आणि ते माप मूलतः अरण्याचे आहे. सातांपैकी तीन गोष्टी थेट वनासंबंधी, दोन उंची व चढ यांसंबंधी. या मापाने रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सडा मोजून पाहावा. सडा म्हणजे जांभ्याचे विस्तीर्ण, सपाट पठार. त्यावर झाड जवळजवळ नाही, माती बोटभर, उंची बेताची, चढ शून्य. वनाच्या तिन्ही रकान्यांत तो रिकामा, उंची-चढाच्या दोन्ही रकान्यांत तो खाली. स्थानविशिष्ट वनस्पतींच्या रकान्यात त्याला काही गुण मिळू शकतील, पण सरासरीत तेही विरून जातात. आणि हाच सडा आषाढ-श्रावणात पाहिला तर कातळावरील खळग्यांत पाणी साचते, बेडकांची वीण सुरू होते, गेंद आणि सीतेची आसवे फुलतात, मातीत नत्र नसल्यामुळे कीटक पकडून जगणाऱ्या वनस्पती दिसू लागतात. जगात अन्यत्र न आढळणाऱ्या कित्येक ओषधी या कातळांवरच उगवतात. साताऱ्याजवळचे कासचे पठार उंचावर असल्याने आणि त्याची कीर्ती झाल्याने २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. कोकणातील खालचे सडे त्याच जातीचे असूनही महसुली दप्तरात ‘पडीक’ म्हणूनच नोंदलेले राहिले. पडीक जमीन ही प्रकल्पाला, चिरेखाणीला, आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावण्याला सदैव मोकळी असते. या सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. त्याच कातळावरील जीवसृष्टीला मात्र अशी मान्यता लाभलेली नाही. निरोगी सडा हा वनाच्या तराजूत रोगी अरण्य ठरतो, ही या मापनाची पहिली उणीव.

दुसरी उणीव आकाराची. नऊ किलोमीटर बाजूच्या चौकोनात ऐंशी चौरस किलोमीटर मावतात. पुणे, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील देवराया बहुधा काही एकरांच्या. देवाचे झाड तोडावयाचे नाही, वाळले लाकूडही उचलावयाचे नाही, एवढ्या एका संकेतावर त्या टिकल्या. आणि परिसरातील मूळ वनस्पतींचा ठेवा कित्येक ठिकाणी केवळ त्यांच्यातच उरला. येथे एक विलक्षण योग लक्षात येतो. वा. द. वर्तक यांच्या समवेत महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास १९७० नंतरच्या दशकात ज्यांनी केला आणि त्यांच्याकडे विद्वज्जनांचे लक्ष वेधले, ते माधव गाडगीळच होत. अभ्यासकाने आयुष्याच्या आरंभी जे शोधून काढले, ते त्याच्याच अध्यक्षतेखालील गणिताच्या जाळ्यातून निसटावे, हे व्यक्तिगत दोषाचे लक्षण नव्हे. चौदा सभासदांची समिती, सुमारे दीड वर्षाचा काळ आणि तुटपुंजी माहिती यांचा तो परिणाम आहे. तथापि परिणाम तो परिणामच.

तिसरी उणीव सर्वांत महत्त्वाची, आणि तिची कबुली अहवाल स्वतःच देतो. संवेदनशीलता ठरविण्याच्या निकषांची जी मूळ यादी समितीपुढे होती, तीत जैविक व भूहवामानविषयक निकषांच्या बरोबरीने आणखी एक निकष होता : संबंधित लोकांनी स्वतः केलेले मूल्यांकन. जिल्हा परिषदा, ग्रामसंस्था, स्थानिक मंडळे यांना कोणता भाग जपण्याजोगा वाटतो हे विचारावे आणि ते उत्तर एक निकष म्हणून धरावे, असे तेथे म्हटले होते. प्रत्यक्ष गणनेत आलेल्या सात गोष्टींत हा निकष नाही. पुरेशी माहिती हाती नव्हती, हे कारण खरे आहे. परंतु जी माहिती उपग्रहाकडून किंवा संग्रहालयाकडून येते ती हाती लागली आणि जी गावाकडून यावयाची होती तीच लागली नाही, हा योगायोग नव्हे.

यामुळे गाडगीळ अहवालात दोन सूर ऐकू येतात. एक गणिताचा सूर, दुसरा गावाचा. हा दुसरा सूर अहवालाच्या उत्तरार्धात भरदार होतो. विभागांच्या सीमा अंतिम समजू नयेत, त्या ग्रामसभांपुढे नेऊन त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्याव्यात, असे अहवाल वारंवार बजावतो. सिंधुदुर्गातील २५ ग्रामसभांनी आपले क्षेत्र संवेदनशील घोषित व्हावे असे ठराव आपण होऊन केले, ही नोंद त्यात आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या संवेदनशील क्षेत्राचा २००१ पासूनचा अनुभव त्यात तपासला आहे : वरून नेमलेल्या समित्यांच्या हाती निर्बंध गेले की धनिकांची बांधकामे निभावतात आणि विहीर खणणारा शेतकरी अडकतो, असा तो अनुभव. आणि त्यात लोट्याचे प्रकरण आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे येथील रासायनिक उद्योगांच्या सांडपाण्याने ओढे आणि दाभोळची खाडी कशी बिघडली, याचे वर्णन हा या अहवालातील सर्वांत जिवंत भाग आहे. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची व्यवस्था आहे, पण ती अपुरी. देखरेखीसाठी स्थानिकांचा सहभाग असलेला अभ्यासगट आहे, पण त्याचे कोणी ऐकत नाही. जिल्ह्यात उद्योग कोठे असावेत यासंबंधीचा शासनाचा स्वतःचा नकाशासंग्रह आहे, पण तो दडवलेला. परिसरातील एका गावाच्या सरपंचांनी हताश होऊन ओढ्याचे पाणी स्वतः पिऊन टाकले, त्यांना उपचारासाठी मुंबईस न्यावे लागले, आणि प्रदूषण पूर्ववत चालू राहिले, असे अहवाल सांगतो. समीक्षकाने येथे क्षणभर थांबले पाहिजे. कारण आरोग्याचे मूल्यमापन म्हणजे काय याचे उत्तर सात रकान्यांत नसून या प्रकरणात आहे. खाडीतील मासळी कोणत्या वर्षापासून घटली, कोणती जात प्रथम नाहीशी झाली, ओढ्याला कोणत्या महिन्यात वास येतो, हे तेथील भोई-कोळ्यांना ठाऊक असते. यात काळाचे परिमाण आहे. सात रकान्यांत ते मुळीच नाही. ते एका क्षणाचे चित्र आहेत. नाडी एकदाच पाहून लिहिलेला कागद. आज रोगी बरा आहे की खालावत चालला आहे, हे त्यावरून कळत नाही. काटेकोर बोलायचे तर त्यांनी प्रदेशाचे मोल ठरविले, आरोग्य पाहिले नाही.

दुर्दैव असे की लोट्याचे प्रकरण आणि गुणांचे कोष्टक ही दोन एका अहवालात राहूनही परस्परांना भेटत नाहीत. कोळ्याचे ज्ञान पुरावा म्हणून येते, पण माप म्हणून येत नाही. विरोधकांनी नेमकी हीच फट हेरली. वाद झाला तो कोष्टकातून निघालेल्या तालुक्यांच्या यादीवर; ग्रामसभेच्या प्रकरणापर्यंत फारसे कोणी पोहोचलेच नाही. यादी आधी आणि संवाद नंतर, अशा क्रमाने जे लोकांपुढे जाते ते फर्मानासारखे दिसते, मग लिहिणाऱ्याचा हेतू काहीही असो.

कस्तुरीरंगन कार्यगटाच्या अहवालात असा अंतर्विरोध नाही. तो अधिक सुसंगत आहे, आणि त्यामुळेच अधिक दरिद्री. त्याने घाटाचा विस्तार १,६४,२८० चौरस किलोमीटर मानला आणि त्याचे दोन भाग केले : सुमारे साठ टक्के ‘सांस्कृतिक’ भूप्रदेश, म्हणजे शेते, वस्त्या, बागा, उरलेला ‘नैसर्गिक’. या नैसर्गिकातून, उपग्रहचित्रांच्या साहाय्याने, जैविक समृद्धी अधिक व वनाचे विखंडन कमी असलेला सुमारे ६०,००० चौरस किलोमीटर प्रदेश, म्हणजे एकंदर घाटाच्या ३७ टक्के, संवेदनशील ठरविला. जेथे लोकवस्ती चौरस किलोमीटरला शंभरांहून अधिक तो भाग गाळला. ज्या गावाचे वीस टक्के वा अधिक क्षेत्र या व्याख्येत बसते ते गाव घेतले. अशी ४,१५६ गावे निघाली. नऊ किलोमीटरच्या चौकोनाऐवजी चोवीस मीटरचा ठिपका, तालुक्याऐवजी गाव, ही सुधारणा निर्विवाद मान्य केली पाहिजे. गावांना आपले नाव यादीत शोधता आले.

परंतु ‘सांस्कृतिक’ आणि ‘नैसर्गिक’ ही फाळणी सह्याद्रीला लावताच तिचे कृत्रिमपण उघड होते. देवराई कोणत्या बाजूची? वरकस जमिनीवर दोन-तीन वर्षे नाचणी घेऊन पुढे ती गवताला व झुडपांना सोडणारा शेतकरी कोणत्या वर्षी संस्कृतीत असतो आणि कोणत्या वर्षी निसर्गात? राबासाठी फांद्या छाटलेल्या ऐनाचे रान, गावाने राखलेले गायरान, खाजणाचा बांध, यांतील एकही गोष्ट या दोन शब्दांत मावत नाही. शिवाय विखंडन हा दोष मानला की देवराई आपोआपच दोषी ठरते, कारण ती स्वभावतःच तुकडा आहे. येथे प्रकृतीचा वैद्यकीय अर्थ संपूर्णपणे लोपला आहे. चोवीस मीटरच्या ठिपक्याला सारे सारखेच दिसते.

या कार्यगटाने ग्रामसभेला वगळले असे जे सरसकट म्हटले जाते, ते मात्र न्याय्य नाही. संवेदनशील क्षेत्रातील प्रकल्पांना ग्रामसभेची पूर्वसंमती आवश्यक असावी, अशी शिफारस त्यात आहे. भेद सूक्ष्म आहे. गाडगीळ अहवालात गाव सीमा आखावयास बसते. कस्तुरीरंगन अहवालात सीमा आखून झाल्यावर गावाला होकार किंवा नकार देता येतो. एकात गाव जाणते आहे, दुसऱ्यात ते मतदार आहे. पहिल्याने राज्य व जिल्हा पातळीवरील शाखांसह एक वैधानिक प्राधिकरण सुचविले. दुसऱ्याने ते अमान्य करून निर्णयसाहाय्य व देखरेखीचे एक केंद्र सुचविले. तेथे बसणार संगणक आणि तज्ज्ञ.

गाडगीळ अहवालाच्या ग्रामसभेवरील विश्वासालाही प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१३ च्या नोव्हेंबरात केरळच्या डोंगराळ जिल्ह्यांत जी उग्र निदर्शने झाली त्यांत सामान्य शेतकरीही होते. केवळ खाणमालकांनी ते घडविले असे म्हणून सुटका होत नाही. कोकणातील गावाची अर्धी माणसे मुंबईत असतात. शिमग्याला आणि गणपतीला येणारा चाकरमानी सामाईक जमिनीच्या विक्रीला सही देतो, पण पावसाळ्यातील ओढा पाहावयास तो येथे नसतो. दोडामार्गात जमीन विकणारेही गावकरीच होते, आणि घेणाऱ्यांनी तेथे रबर लावले. गाव म्हणजे एकजीव, निःस्वार्थ अशी वस्तू अहवालाने गृहीत धरली आहे. त्यातील जातींचे, जमीनधारणेचे, स्त्री-पुरुषांचे ताण त्याच्या भाषेत क्वचितच उमटतात. पाणी आणि सरपण आणणाऱ्या स्त्रीला रानाचे जे ज्ञान असते ते ग्रामसभेच्या ठरावात किती उतरते, हा प्रश्न अहवाल विचारीत नाही.

मग मापन सर्वांचे होऊ शकते काय? जैवविविधता अधिनियमाने (२००२) गावोगावी व्यवस्थापन समित्या व लोकांच्या जैवविविधतेच्या नोंदवह्या यांची तरतूद केली. कल्पनेच्या पातळीवर हीच ती जागा, जेथे कोळ्याचे ज्ञान आणि वनस्पतिशास्त्रज्ञाचे ज्ञान एका पानावर यावे. प्रत्यक्षात राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर या वह्यांची जी घाई झाली, तीत साच्यातील रकाने भरण्यालाच महत्त्व आले. अपवाद लहान आहेत, पण बोलके आहेत. आंबोलीस हिरण्यकेशीच्या उगमाजवळील देवळाच्या कुंडात माशाची एक नवी जात २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी वर्णिली. पुढील वर्षी तेथील अवघे २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. ज्या कुंडाला देवाचे म्हणून राखले गेले होते, त्यालाच शास्त्राने निराळ्या कारणासाठी मान दिला. नऊ किलोमीटरच्या चौकोनात हे कुंड दिसले नसते. चोवीस मीटरच्या ठिपक्यातही नसते.

शासनाने सहकार्याचा जो अर्थ स्वीकारला तो सहावा मसुदा पाहिला की कळतो. १० मार्च २०१४ रोजी संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला. साठ दिवसांत हरकती मागविल्या गेल्या. मुदत सरली, पुन्हा मसुदा, पुन्हा हरकती. क्षेत्र ५६,८२५.७ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. वायनाडमध्ये डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले होते. मध्यंतरी २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी. हरकत घेणे हेच येथे लोकांचे एकमेव कार्य उरले आहे, आणि ज्याला केवळ हरकत घेता येते तो हरकतच घेतो.

ज्या पट्ट्यातील ग्रामसभांनी हरकत न घेता मागणी केली, त्यांची गोष्ट अधिक उद्‌बोधक आहे. सावंतवाडी आणि दोडामार्ग हे तालुके म्हणजे गोव्याच्या म्हादई खोऱ्यातून राधानगरीकडे वाघाच्या येण्याजाण्याची वाट. गाडगीळ समितीने त्यांची संवेदनशीलता मान्य केली. कस्तुरीरंगन कार्यगटाच्या यादीतून दोडामार्ग गळला. न्यायालयात दाद मागितली गेली, वृक्षतोडीवर मनाई आली, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातील २५ गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करण्याची कार्यवाही ठराविक मुदतीत करण्याचा आदेश केंद्राला दिला. ग्रामसभांच्या त्या मूळ ठरावांत झऱ्यांची, रानांची, देवस्थानांची जी माहिती असेल, तिच्यासाठी दोन्ही अहवालांच्या कोष्टकांत रकाना ठेवलेला नाही.